नळीतली थुंकी आणि हेळव्याची वही

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि नेपरव्हिलच्या घरात माझ्या थुंकीवरून भांडण चाललं होतं. या पुस्तकात मी फक्त लहानपण सांगायचं ठरवलं होतं, गुऱ्हाळाचं आणि आबांचं. मग हे अमेरिकेतलं प्रकरण मध्येच कुठून आलं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण माझ्या सातव्या वर्षी घडलेली एक गोष्ट मला एकाहत्तराव्या वर्षी पुरती उमगली, तीही परक्या मुलखात, एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या परसात. म्हणून ती इथंच बसते. मी चौथी पास आहे. प्रकरणं कशी लावायची ते मला कुणी शिकवलेलं नाही आणि आता शिकायचंही नाही.

माझी बायको पार्वती गेल्यावर महेशनं मला इकडं आणलं. महेश माझा एकुलता मुलगा, कॉम्प्युटरमधला. त्याची बायको केट इथलीच, आणि नात मीरा तेव्हा बारा वर्षांची. घर मोठं, उबदार, पण आवाज सगळे यंत्रांचे. तळघरातली भट्टी भुस्स करून पेटायची, फ्रीज पोटात बर्फ पाडायचा, पहाटे रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी खरवडत जायची. केट दर बुधवारी माझ्यासाठी पिठलं करायची. पार्वतीनं तिला ते फोनवरून शिकवलं होतं, म्हणजे शिकवणारीला इंग्रजी येत नव्हतं आणि शिकणारीला मराठी. त्यामुळं पिठल्यात गुठळ्या व्हायच्या. मी त्या गुठळ्यांसकट दोनदा वाढून घ्यायचो. सुनेनं केलेल्या पिठल्याला नावं ठेवणारा माणूस मी नव्हे. बाकी सगळ्याला ठेवतो.

त्या हिवाळ्यात मीराला शाळेनं घराण्याची वंशावळ करायला सांगितली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं मोठा कागद चिकटवला. आईकडची बाजू पार वरपर्यंत गेली होती, तेरा पिढ्या, कारण केटचे वडील वॉल्टर गेली दहा वर्षं तेच करत होते. वडिलांकडच्या बाजूला तीन नावं. महेश, त्याच्यावर मी शंकर, माझ्यावर आबा, ज्ञानू चौगले. पुढं कोरा कागद. एका अंगानं वीज पडलेल्या झाडासारखं ते दिसायचं. मी रोज सकाळी चहा पिताना त्या कागदाकडं पाठ करून बसायला लागलो.

मग महेशनं पेटी मागवली. पुठ्ठ्याची, चपलांच्या खोक्यापेक्षा लहान. आत एक नळी. तिच्यात खुणेपर्यंत थुंकायचं आणि पोस्टानं पाठवायचं. मग कुठलं रक्त, कोण नातेवाईक, सगळं कळवतात. महेश खुशीत सांगत होता की इथंच बेलव्ह्यू गावात राहणाऱ्या प्रशांतनं ही चाचणी केलीच आहे, तेव्हा माझी आणि त्याची जुळणी पहिल्यांदाच येईल. प्रशांत म्हणजे माझ्या चुलत्याचा, तात्याचा नातू. ते ऐकलं आणि चहा अर्धा टाकून मी उठलो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी नाही म्हणालो. का, तर थुंकी परक्याला द्यायची नसते, लोक करणी करतात. महेशनं कपाळाला हात लावला. मीरानं मला समजावलं, "आजोबा, इट्स जस्ट स्पिट." केटनं तर आधी स्वतः नळीत थुंकून दाखवायची तयारी केली. मी डिसेंबर काढला, जानेवारी काढला. कधी दात दुखतो म्हणालो, कधी अमावस्या सांगितली. एकदा महेश फोनवर कुणाला तरी हसत म्हणाला, "आप्पा इज इम्पॉसिबल, यार, ब्लॅक मॅजिक म्हणतायत." हसू दे म्हटलं. मी अडाणी आहे याचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. खरं कारण वेगळं होतं, आणि ते माहीत असलेली जुनी माणसं, पार्वतीसकट, गेली होती.

आता वॉल्टररावांचं सांगतो. माझे व्याही. उंच, वाकलेले, पोस्टातून रिटायर झालेले, बायको आधीच गेलेली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. गाडीनं दहा मिनिटांवर राहायचे. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजीतले भाजीपाल्याचे शब्द येतात. तरी आमचं जमलं, ते साखरेवरून. फेब्रुवारी सरता सरता त्यांनी मला आपल्या परसात नेलं. तिथं मेपलची चार झाडं, खोडांना भोकं पाडून बादल्या अडकवलेल्या, आणि बादल्यांत टपटप पाणी पडतंय. मी बोट घालून चाखलं. शहाळ्यापेक्षाही फिकं. हे पाणी ते एका चौकोनी पत्र्याच्या तव्यात, सिमेंटच्या ठोकळ्यांवर, लाकडाच्या जाळावर आटवत होते. तव्याच्या कडेला थर्मामीटर अडकवलेला आणि माणूस एकटक थर्मामीटरकडं बघतोय.

माझे आबा गुळव्या होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गुऱ्हाळावर ऊस तोडणारे पुष्कळ, चरकात घालणारे पुष्कळ, पण काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस गूळ कधी झाला हे सांगणारा एकच. तो गुळव्या. आमच्या पट्ट्यात आबांना गाडी पाठवून नेत. रानभेंडीचं चिकट पाणी टाकून मळी वर आणायची, ती झाऱ्यानं काढायची, रसाचा रंग बघायचा, बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा. बुडबुडे आधी खळखळतात, मग फटफटतात, शेवटी मोठे होऊन फुसफुसतात. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, आता. मी त्यांच्या मांडीला टेकून ऐकायचो. नाकात काकवीचा वास, पाठीला काहिलीखालच्या चुलवाणाची धग. जगात दुसरं काही शिकण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही, म्हणून चौथीनंतर शाळेनंही आग्रह धरला नाही.

वॉल्टररावांच्या हातातला डाव मी काढून घेतला. जाळ कमी केला. मग डाव उचलून थेंब पाहिले. त्यांनी थर्मामीटरकडं बोट दाखवलं, मी कानाकडं दाखवलं. त्या दिवशीचा पाक त्यांनी चाखला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मला न्यायला गाडी घेऊन हजर. गुळव्याला गाडी येते ती अशी. पुढचे तीन आठवडे मी त्यांच्याकडंच.

आटवायला वेळ लागतो, आणि त्या वेळात ते आपल्या पूर्वजाबद्दल बोलायचे. महेश किंवा मीरा असली तर सांगायची, नसली तर मी नुसतं ऐकायचो. थॉमस ब्रॅनिंग नावाचा माणूस इंग्लंडहून जहाजानं व्हर्जिनियात आला, राजाचं राज्य होतं तेव्हा. वॉल्टरराव स्वतः तिथल्या जुन्या चर्चमध्ये जाऊन आले होते. चर्चच्या वहीत जन्म, लग्न, मरण सगळं लिहिलेलं. त्या पानांचे फोटो त्यांच्याकडं होते, तपकिरी शाई, लांब शेपट्यांची अक्षरं, आमच्याकडच्या जुन्या मोडी कागदांसारखी. थॉमसचा मुलगा जॉन, जॉनचा मुलगा अमुक, असं करत वॉल्टर. फक्त जॉनच्या जन्माची नोंद सापडत नव्हती. तेवढी सापडली की त्यांची थोरली बहीण रूथ त्यांना कुठल्याशा जुन्या घराण्यांच्या मंडळात घालणार होती. म्हणून त्यांनी चर्चच्या माणसाला आणखी जुन्या वह्या बघायला सांगितलं होतं आणि स्वतःचीही थुंकी पाठवली होती. बापाकडून मुलाला जशीच्या तशी येणारी एक खूण पुरुषाच्या रक्तात असते म्हणे. थॉमसच्या दुसऱ्या मुलांचे वंशज त्या यादीत होते. त्यांच्याशी खूण जुळली की झालं.

मार्चातला रविवार होता. रूथबाई दोन तास गाडी चालवून आल्या होत्या, केट आणि मीरा आत जेवणाचं बघत होत्या, महेश आणि मी तव्यापाशी. वॉल्टरराव हातात कागद घेऊन बाहेर आले. खुणेचा निकाल आणि चर्चचं उत्तर एकाच आठवड्यात आलं होतं, आणि सगळ्यांसमोर वाचायचं म्हणून त्यांनी ते राखून ठेवलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता त्यांचे ओठ हलायचे थांबले. तवा त्यांच्या पायाशी होता, पाक शेवटाला आलेला, आणि मी बुडबुड्यांचा आवाज बदलल्याचं ऐकलं. फुसफुस सुरू झाली होती. ते हलेनात. फेस कडेवर चढला. मी त्यांना कोपरानं बाजूला सारलं, जेवणातल्या घावनांसाठी आणलेल्या लोण्याचा गोळा फेसात टाकला, आणि महेशला ओरडून लाकडं ओढायला लावली. फेस बसला. लोणी टाकलं की बसतो. आबा एरंडीचं तेल टाकत. पाक वाचला. वॉल्टरराव मात्र अजून कागदच धरून होते.

महेशनं मला समजावून सांगितलं. खूण कुठल्याच ब्रॅनिंगशी जुळली नव्हती. भलत्याच आडनावाच्या लोकांशी जुळली होती. आणि चर्चच्या वहीत जॉन सापडला होता, पण जन्माच्या पानावर नाही. तिथं चर्चचे कारभारी निराधार पोरं घरोघर लावून देत, त्या यादीत. जॉन, अनाथ, वय चार, थॉमस ब्रॅनिंगच्या घरी दिला.

वय चार हे ऐकल्यावर मी डाव खाली ठेवला.

जेवायला बसलो. इकडची जाड गोड घावनं, त्यावर आमचाच पाक. मग रूथबाई बोलल्या, आणि त्या बारीक आवाजात बोलल्या म्हणून जास्त लागलं. दहा वर्षं आपण परक्याच्या थडग्यावर फुलं ठेवली, असं त्या म्हणाल्या. आपण ब्रॅनिंग नाहीच, कधीच नव्हतो. जॉनच्या वरची सगळी नावं खोडून टाकावी लागतील. वॉल्टररावांनी मान हलवली. दहा वर्षांची फाइल त्यांनी मांडीवर घेतली होती, लहान मूल घेतात तशी, आणि मान हलवत होते. मीरानं विचारलं की तिनं घरी भिंतीवरची नावं पुसायची का. केटनं तिचा हात दाबला.

मी महेशला म्हणालो, "मी सांगतो ते इंग्रजीत सांग. एक शब्द गाळू नकोस."

तो म्हणाला, "आप्पा, आत्ता नको. प्लीज."

"सांग."

आणि मी सांगितलं. आमच्याकडं हेळवी येतो. बैलावर बसून, बैलाच्या गळ्यात घंटा, पाठीवर घोंगडं आणि वहीचं गाठोडं. दोनतीन वर्षांनी एकदा सुगीनंतर दारात उभा राहतो आणि घराण्याची नावं म्हणतो, मूळ पुरुषापासून आजच्या पोरापर्यंत, चालीत. नवीन जन्मलेलं नाव वहीत चढवतो, धान्य घेतो, पुढच्या दारी जातो. मी सात वर्षांचा असताना असाच आला. उंबऱ्यावर आबा, शेजारी आई, मी आईच्या पदराआड, आणि तात्या चुलता भिंतीला टेकून. हेळव्यानं नावं म्हटली, ज्ञानूवर येऊन थांबला आणि विचारलं, पुढं? आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा तात्या म्हणाला, "ते आपल्या रक्ताचं न्हाई. टोळीतल्या बाईचं पोर हाय. त्याला वहीत घालू नगा."

इथं महेश इंग्रजी करायचा थांबला. माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, पुढं सांग.

कारण ते खरं होतं. माझी जन्मदाती ऊसतोडीच्या टोळीबरोबर आली होती आणि तापानं गुऱ्हाळावरच गेली. बाप कोण ते टोळीलाही ठाऊक नव्हतं. टोळी पुढच्या गावाला निघाली, मी चुलवाणाच्या उबेला झोपलो होतो तो झोपलेलाच राहिलो. चार वर्षांचा. आबांना मूल नव्हतं. त्यांनी देवळात नेऊन मला आईच्या ओटीत घातलं, गावाला गूळ वाटला, झालं. कागद नाही, कोर्ट नाही. तात्याला मात्र ते तीन वर्षं सलत होतं, आणि त्या दिवशी ते त्यानं हेळव्यासमोर काढलं.

आबा रागीट माणूस. मला वाटलं आता मारामारी होणार. पण आबा हेळव्याला एवढंच म्हणाले, "पोरगं माझं हाय. लिव्ह." आणि हेळव्यानं बैलावरूनच तात्याला विचारलं, "मी उद्या म्हातारा हून या दारात आलो तर मला सूपभर जोंधळं कोण घालंल? रक्त घालंल का हे पोरगं घालंल?" हेळव्यानं वही सोडली आणि लिहिलं. ज्ञानूचा शंकर. मग पहिल्यापासून सगळी नावं परत म्हटली, चालीत, माझ्यापर्यंत. मी आईचा पदर सोडला आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

आत्ता लिहितानाही ती घंटा मला ऐकू येते. रात्री आबा म्हणाले की आता हा विषय या घरात निघायचा नाही. मी हो म्हणालो. पार्वतीखेरीज कुणापाशी चौसष्ट वर्षं तो निघाला नाही. आबांना दिलेला शब्द मी अमेरिकेत, पाकाच्या ताटावर मोडला, आणि मोडताना मला जराही वाईट वाटलं नाही.

वॉल्टररावांनी मांडीवरची फाइल टेबलावर ठेवली. मग त्यांनी महेशमार्फत एकच विचारलं. त्या वहीत माझ्या नावापुढं काही खूण केली होती का, की हा बाहेरून आलेला?

मी म्हणालो, "नाही. आणि तुमच्या थॉमसनंही केली नसेल. नाव दिलं ना त्यानं? मग तुम्ही कोण खोडणार?"

महेशनं ते सांगितलं. रूथबाईंनी काही मान्य केलं नाही. मंडळाचे नियम वेगळे असतात, म्हणाल्या, आणि घावन संपवून लवकर निघाल्या. वॉल्टररावांनी फाइल उघडली, शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि थॉमसच्या खाली जॉनचं नाव, जे इतकी वर्षं पेन्सिलनं होतं, ते शाईनं गिरवलं. मग माझ्याकडं ताट सरकवून आणखी पाक मागितला.

परतताना गाडी महेश चालवत होता. मीरा आणि केट मागं होत्या. घराच्या वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली.

"मला का नाही सांगितलं, आप्पा?"

"तू विचारलं नाहीस. आणि मला ते सांगण्यासारखं कधी वाटलं नाही. आबा माझे बाप होते, यात सांगायचं काय?"

"म्हणजे आपण चौगले नाहीच?"

पन्नाशीला आलेला मुलगा, थोबाडीत देता येत नाही. मी म्हणालो, "हे माझ्यासमोर बोललास ते बोललास. काहील उतरायची कधी हे मला चौगल्यानं शिकवलं. तुझी फी चौगल्याच्या गुळातून गेली. तुझा आजा मेला तेव्हा अग्नी मी दिला, तात्याच्या पोरानं नाही. आता गाडी चालव."

त्यानं गाडी चालवली. घरी उतरताना त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं आणि हात दिला. बर्फ होता म्हणून असेल. तसा मी हात घेत नाही. त्या दिवशी घेतला.

ती पेटी अजून फ्रीजवर पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी ती खाली काढली. अर्धा तास आधी काही खायचं प्यायचं नाही असा नियम होता, तो पाळला. मीरा शाळेचं दप्तर भरत होती. तिला म्हटलं खूण कुठं आहे दाखव. खुणेपर्यंत थुंकलो, एक थेंब जास्तच. झाकण लावलं. मग तिच्या हातातलं पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कागदावर, माझ्या नावावर आबा होतेच, त्यांच्या वर हेळवी म्हणायचा ती नावं लिहिली. ज्ञानूवर धोंडी, धोंडीवर सखोबा, सखोबावर कृष्णा, कृष्णावर राणू. मराठीत लिहिली, माझ्या चौथीच्या अक्षरात, चालीत म्हणत म्हणत. मीरा बघत उभी राहिली आणि राणूचं नाव तीही माझ्याबरोबर म्हणाली.

मग कोट घातला, बुटात पाय घातले आणि बर्फातून रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत एकटा गेलो. पाकीट आत ठेवलं. प्रशांतशी जुळू दे नाहीतर न जुळू दे. पेटीच्या अंगची लाल पट्टी उभी केली, म्हणजे टपालवाल्याला कळतं की या घरातून काहीतरी न्यायचं आहे, आणि चहा प्यायला आत आलो. कागदाकडं तोंड करून बसलो.